वेताच्या सोफ्यावरची मधली जागा

माणसाच्या आयुष्यात असे मोजकेच क्षण येतात, की त्या वेळी घेतलेल्या निर्णयावर पुढच्या पिढ्यांचं भवितव्य ठरतं. आमच्या घरी असा क्षण शहाण्णव सालच्या जानेवारीत आला. सोफा जुना घ्यायचा की नवा?

तोवर रोह्यातल्या आमच्या घरी पाहुणे घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसत आणि फार वेळ बसत नसत, ही त्या खुर्च्यांची जमेची बाजू. पण आमच्या मैथिलीला बघायला आलेल्या मंडळींतल्या एका मामांचं बोट खुर्चीच्या घडीत सापडलं, आणि माझी बायको मालू हिचं ठाम मत झालं, की नकार त्या बोटामुळेच आला. मध्यस्थांनी मला वेगळं सांगितलं होतं. मुलगी बोलत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. शेजारच्या अष्टमी गावातल्या शाळेत शिकवताना वर्गभर पोरांना चिडीचूप करणारी आमची मुलगी परक्या माणसांसमोर स्वतःचं नावही धड उच्चारू शकत नसे.

आता कोलाडचं स्थळ होतं. मुलगा अनय, नाक्यावर औषधाचं दुकान. मैथिली मैत्रिणीबरोबर तिथे जाऊन खोकला नसताना खोकल्याचं औषध घेऊन आली होती, त्यावरून मी काय ते समजलो.

"बाबा, त्यांना बोलवा," ती म्हणाली. "पण त्यांचाही नकार आला, तर यापुढे पोह्यांचा ट्रे घेऊन मी कुणासमोर येणार नाही."

म्हणून सोफा.

मालूने अष्टमीच्या हरेशशेठच्या दुकानात मरून रंगाच्या रेक्झिनचा सोफा हेरून ठेवला होता. वरचं प्लास्टिक काढू नका, आयुष्य वाढतं, असा शेठचा सल्ला होता. त्यावर बसलं की टेबलावरून बशी सरकवल्यासारखा आवाज यायचा. मला जुनं लाकूड आवडतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात माझं मत विचारात घेतलं जातं आणि मग रेक्झिन ठरतं. तरीही एका रविवारी तिघं पेणला गेलो.

कान्हू नावाचा माणूस पाडलेल्या घरांतलं सामान विकायचा. त्याची शेड गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत. सगळ्या सामानावर प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली. मागच्या भिंतीशी एक शिसवी सोफा होता, वेताच्या बैठकीचा, तीन माणसांचा. हातांवर भुकटी, पाठीवर भुकटी, दोन्ही टोकांना भुकटी. मधली जागा स्वच्छ.

"इथं बसता वाटतं?" मी विचारलं.

"बसायला येळ कोणाला हाय, सर?"

त्याची बायको हौसा फडकं घेऊन आली आणि दोन्ही टोकं पुसून परत निघाली. मालूने मधल्या जागेकडे बोट केलं.

"ती पुसाया लागत नाय," हौसा म्हणाली आणि आत गेली.

मैथिली एका टोकाला बसली. वेतावरून हात फिरवला. "हाच घेऊ या."

"अगं, ढेकूण असतील त्यात!" मालू म्हणाली.

"नाहीत. आणि इथे एकटं वाटत नाही."

सोफा टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. "शिसव वजनी असतो," कान्हू म्हणाला. त्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, पण ती घामाघूम झाली होती, त्यामुळे त्यात मला विशेष वाटलं नाही. लग्न जमेपर्यंत वापरा, मग नको असेल तर परत घेतो, असं त्याचं बोलणं झालं. एवढी सवलत ऐकून मला शंका यायला हवी होती. मी खूश झालो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती शेजारच्या धनेशमुळे. तो धाटावला केमिकल कंपनीत. शिफ्ट सुटली, की बायकोला, दिपिकाला घेऊन आमच्याकडे टीव्ही बघायला यायचा. त्या संध्याकाळी दिपिका एका टोकाला, मालू दुसऱ्या टोकाला. धनेश जमिनीवर बसला.

"अरे, वर बस ना," मी म्हणालो.

"असू दे सर. जागा कुठाय?"

त्याने सोफ्याकडे बघून हे म्हटलं होतं. मीही बघितलं. मधे पुरेशी जागा होती. मग मीच तिथे बसावं म्हणून उठलो, आणि घडीची खुर्ची उघडून बसलो. असं का केलं, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बैठक मोजली. तीन माणसं आरामात. मधल्या वेतावर तळवा ठेवला. कोमट लागला. खिडकी पश्चिमेची, तिथून ऊन येतं, हे कारण मला पटलं. सकाळचे नऊ वाजले होते, ही अडचण नंतर लक्षात आली.

मग मैथिलीचं बोलणं सुरू झालं. शाळेतून आली, की बाहेरच्या खोलीत तिचा आवाज येई. मोकळा, हसरा. मी पेपर तपासता तपासता ऐकायचो.

"कुणाशी गं?" मालूने एकदा आतून विचारलं.

"उद्याचा पाठ तयार करतेय."

असेल. फक्त ती मधेच थांबायची. आठवण्यासाठी थांबतात तशी नव्हे. ऐकण्यासाठी थांबतात तशी.

रविवारी कोलाडची मंडळी आली. अनयचे वडील विष्णुपंत, निवृत्त शिक्षक, आणि आई आनंदीबाई. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसली. धाटावचा वास खिडकीतून येत होता, त्यावर विष्णुपंतांनी प्रदूषणाविषयी आणि कोकण रेल्वेविषयी चार शब्द सांगितले.

"बस रे, उभा काय?" ते अनयला म्हणाले. "मधे बस."

अनय वाकला. अर्धा वाकून थांबला. सरळ झाला.

"सॉरी," तो म्हणाला.

आम्हाला कुणालाही नव्हे.

मग त्याने खुर्ची घेतली आणि ती नेमकी मैथिलीच्या खुर्चीशेजारी मांडली.

"शाळेत कुठला वर्ग असतो तुम्हाला?" त्याने विचारलं. मालूने पदराचं टोक मुठीत धरलं.

मैथिलीने सोफ्याच्या मधल्या जागेकडे एकवार पाहिलं. मग बोलू लागली. वर्गाबद्दल, पोरांबद्दल, खोकल्याच्या औषधाबद्दलही. अनय इतका हसला, की चहा बशीत सांडला.

"कोण म्हणतं हो ही अबोल आहे?" आनंदीबाई म्हणाल्या.

निघताना मालू करंडा घेऊन आली. तिने आनंदीबाईंना हळद लावली, कुंकू लावलं. मग सोफ्याकडे वळली. कुंकवाचं बोट बसलेल्या माणसाच्या कपाळाइतक्या उंचीवर नेलं.

टेकवलं.

मग करंडा मिटला.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, हे काय केलंस?

"काय केलं?" ती म्हणाली. बोटावर कुंकू नव्हतं. हवेत पुसलं जाईल असं कुंकू अजून निघालेलं नाही.

होकार आला. मे महिन्यात लग्न झालं. मैथिली रडली नाही. गाडीत मागे बसली, एका खिडकीशी ती, दुसऱ्या खिडकीशी अनय, आणि मालूच्या धाकट्या बहिणीला मधे बसू दिलं नाही. "मावशी, तू पुढे बस," म्हणाली.

दोन दिवसांनी बघतो, तर मालू सोफ्याच्या मधोमध बसून लसूण सोलत होती. ती उठल्यावर मी वेताला हात लावला. गार होता.

पण तोवर रेक्झिनचं ठरलं होतं. कान्हू सोफा न्यायला चार माणसं घेऊन आला. दोघांनीच उचलला. तो सहज वर आला, तसा पुढच्या माणसाचा जवळजवळ तोल गेला.

कान्हूने सोफ्याकडे पाहिलं, मग घरात डोकावून पाहिलं. "पोरगी कुठं दिली, सर?"

"कोलाडला."

"बरं झालं," तो म्हणाला. कुणाचं, ते त्याने सांगितलं नाही.

हरेशशेठचा मरून सोफा आला. त्यावर तीन माणसं बसतात, धनेश आला तर चारही. माझ्या दृष्टीने प्रकरण निकालात निघालं होतं. दोष लाकडाचा होता. नव्या वस्तू घ्याव्यात, हे मालूचं म्हणणं मी मान्यही केलं.

दिवाळीनंतर आम्ही कोलाडला गेलो. मैथिली तब्येतीने भरली होती, अखंड बोलत होती. विष्णुपंतांनी लग्नानंतर घेतलेला सोफा दाखवला. मुंबईहून आणलेला, फोमचा, तीन माणसांचा. मालू एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला.

अनय आतून स्वतःसाठी खुर्ची घेऊन आला.