बेस विरतो ती जागा

पटणार नाही तुम्हाला, माहीत आहे. मला कुणी सांगितलं असतं तर मीही तोंडावर हसलो असतो. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, माझ्याच घरात घडलंय. आणि रात्री-बिरात्री नाही हो, गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी चार वाजता. भुतं दुपारी वामकुक्षी घेतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा सावरून बसा.

मी छापखान्यात कामाला आहे. दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकून कान किटतात. घरी आल्यावर तासभर गाणी ऐकायची, एवढंच माझं व्यसन. बायको नर्स आहे. ती म्हणते, "दारूपेक्षा बरं!"

स्पीकर होते माझ्याकडे, पण आवाज पातळ. ढोल वाजला तरी कुणी पत्र्याचा डबा बडवतंय असं वाटायचं. म्हणून शेवटी बेससाठी, म्हणजे ढोलाच्या त्या खालच्या जाड आवाजासाठी, सबवूफरची वेगळी पेटी घ्यायचं ठरवलं.

दुकानात मी बारा इंची मोठ्या पेटीसमोर आ वासून उभा होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, खोली केवढी आहे?"

"दहा बाय बारा."

"मग हा राक्षस कशाला? अंथरूण पाहून पाय पसरा. आठ इंची घ्या, बंद पेटीचा. दणदणाट कमी, पण ठोका नेमका. आणि खिशालाही झेपेल."

प्रामाणिक माणूस होता. वर एक युक्तीही फुकट सांगितली... आणि त्या युक्तीनेच माझा घात केला.

"पेटी कुठे ठेवायची ते डोळ्यांनी ठरवू नका. आधी तुमच्या बसायच्या खुर्चीतच ठेवा तिला. एकच गाणं परत परत लावा. मग भिंतीला हात लावून खोलीभर रांगत फिरा. जिथे बेस भरीव ऐकू येईल, तिथे पेटी ठेवायची. एखाद्या जागी तो पार विरून जातो. तिथे चुकूनही ठेवू नका."

"या वयात रांगू?"

"डोळे मिटून रांगा. ऐकूही नीट येईल आणि लाजही वाटणार नाही."

तर तो रविवार.

बायको ड्युटीवर गेलेली. घरात मी आणि आमची सात वर्षांची लेक. एकुलती एक. आम्ही तिला चिमणी म्हणतो. हॉलमध्ये पालथी पडून ती समुद्र रंगवत होती. हात कोपरापर्यंत निळे.

"बाबा, मला पण रांगायचंय!"

"अजिबात नाही. तू आलीस की मला हसू येतं. आधी समुद्र पुरा कर, मग ये."

तिने तोंड फुगवलं. मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. या खोलीला खिडकी नाही. दाराच्या कडांना मी रबरी पट्ट्या चिकटवल्यात, कारण वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना माझ्या खोकल्याचाही त्रास होतो. दार लागलं की बाहेरचा उजेडसुद्धा आत येत नाही.

बल्ब लावला. सबवूफर खुर्चीत बसवला, अगदी पाहुण्यासारखा. क्रॉसओव्हरचं, म्हणजे फक्त जाड आवाज गाळून घेणारं बटण ऐंशीवर, आवाज निम्म्यावर. ढोल आणि बेस गिटारचा एक तुकडा फोनवर सारखा फिरत ठेवला.

दारापासून सुरुवात केली. डोळे मिटले. उजवा तळहात भिंतीला.

धुम्... धुम्... धुम्...

पहिला कोपरा. आवाज घुमतोय, नको.

दुसरा कोपरा. वा! भरीव, गोल आवाज. इथेच ठेवायची पेटी, असं ठरवलंसुद्धा. पण म्हटलं, फेरी तर पूर्ण करू.

मागची भिंत लागली. बेस कमी होत गेला... आणखी कमी...

आणि थांबला.

कमी नाही झाला. थांबला. माझा श्वास मला ऐकू यायला लागला.

मग दुसरा एक श्वास ऐकू आला.

माझ्या घोट्यावर एक लहानसा हात पडला...

काळजात धस्स झालं. पण लगेच हसू आलं. आली गुपचूप! पोरीच्या अंगात किडेच आहेत.

"चिमणे?"

हाताने घोटा दोनदा दाबला. रस्ता ओलांडताना "हो" म्हणायचं असलं की ती असाच माझा हात दोनदा दाबते. आम्हा दोघांचंच ते.

"बरं, आलीस तर आलीस. माझा पायमोजा धरून ये मागून. बोलायचं नाही."

मी पुढे निघालो. बेस परत आला. मागून तिच्या गुडघ्यांची घासघास.

तिसरा कोपरा. चौथा कोपरा.

आता दार यायला हवं होतं.

आला कोपरा.

पाचवा.

मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुढे सरकलो... सहावा.

माझी खोली चौकोनी आहे हो!

डोळे उघडले. मिट्ट काळोख. लाइट गेली होती.

पण सबवूफर वाजत होता.

धुम्... धुम्... धुम्...

लाइट नाही तर तो वाजतोय कशावर? पाचावर धारण बसली माझी. उठायला गेलो तर डोकं आपटलं. हात वर केला. वर छत होतं, वीतभर अंतरावर. डावा हात पसरला. तिकडेही भिंत. दहा बाय बारा खोलीच्या मधोमध मी बोळात अडकावं तसा अडकलो होतो. वळायलासुद्धा जागा नव्हती. फक्त पुढे जाता येत होतं.

"चिमणे, घाबरू नको. बाबा आहे," मी म्हणालो. खरं तर घाबरलो होतो मीच.

तेवढ्यात समोरून, खूप लांबून, दार वाजलं.

"बाबा, दार उघड ना! लाइट गेली. मला भीती वाटतेय!"

चिमणीचा आवाज.

घोट्यावरचा हात घट्ट झाला...

आणि मागून, अगदी जवळून, "बाबा, मी इथे आहे."

तोच आवाज. पुढचा दात पडल्यामुळे निसटणारे तेच शब्द आणि तोच हुंदका.

समोरची म्हणत होती दार उघड. मागची म्हणत होती, "बाबा, नको जाऊ."

मी स्वतःला समजावलं. लेकीला मी बाहेर ठेवून दार लावलं होतं, म्हणजे माझी लेक बाहेर आहे. मागे जे आहे ते माझं नाही. साधा हिशेब.

मी पाय झाडला. हात सुटेना. मग डोळे गच्च मिटून, सगळा जोर लावून लाथ मारली.

काहीतरी मऊ लागलं. एक लहान जीव धपकन पडल्याचा आवाज आला.

"बाबाऽऽ!"

मी थांबलो नाही. खरंच सांगतो, थांबलो नाही. कोपरं सोलवटत पुढे सरपटलो. हाताला रबरी पट्टी लागली. दार ढकललं आणि हॉलमधल्या लख्ख उन्हात येऊन पडलो.

चिमणी कागदावर वाकून बसली होती. समुद्र पुरा झाला होता.

मी तिला कवटाळलं. जिवात जीव आला. "दार वाजवत होतीस ना?"

"नाही तर! मी कुठे उठले?"

मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. स्वच्छ होते.

"रंग कुठे गेला?"

"धुतले हात."

बेसिन पाहिलं. ठणठणीत कोरडं. उन्हाळा आहे, वाळलं असेल.

आणि माझ्या मोज्यावर चार छोट्या बोटांचे निळे ठसे होते. ओले.

संध्याकाळी मास्तर जिन्यात भेटले. "आज गाण्यांना सुट्टी वाटतं? दुपारी दोन तास लाइट नव्हती, तेवढाच आमच्या कानांना आराम," ते म्हणाले.

लाइट आल्यावर खोलीत गेलो होतो मी. कोपरे चार, छत जागेवर, बल्ब चालू. फरशीचा इंच न् इंच हाताने चाचपला. कुणी नव्हतं. मग धीर करून तोच तुकडा लावला आणि मागच्या भिंतीशी रांगत गेलो. जिथे बेस विरतो तिथे कान नेला.

"बाबा..."

रडत होती.

तेव्हापासून रोज. गाणं बंद केलं की तिचा आवाजही बंद. म्हणून मी सबवूफर चालूच ठेवतो आणि भिंतीशी बसून तिच्याशी बोलतो. "आहे गं मी, आहे," म्हणतो. विचारतो, कुठे आहेस, काय दिसतंय. ती म्हणते, "भिंत."

आणि बाहेरच्या चिमणीत काही म्हणता काही खोट नाही. हसते, भांडते, अभ्यासाला टाळाटाळ करते, माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. तिच्या आईला तसूभरही संशय आलेला नाही. लेकरू कुशीत शिरलं की मला मायाही येते आणि अंगावर काटाही. मी बाप आहे आणि मला माझी पोर ओळखता येत नाही. कुणाला सांगू हे?

बायकोला दवाखान्याकडून राहायला जागा मिळाली आहे. दोन खोल्या, दोन्हींना खिडक्या. मी नको म्हणालो. तिने कारण विचारलं, मी म्हणालो, ही खोली सोडवत नाही. भांडणं झाली. "त्या डबड्याने तुमचं डोकं फिरवलंय," म्हणाली. घर भाड्याचं, मालकाने दुसरा भाडेकरूही ठरवलाय, मोकळं करायलाच हवं.

सामान बांधून झालंय. टेम्पो खाली उभा आहे. फक्त सबवूफरची वायर मी अजून काढलेली नाही. भिंतीला टेकून, फोनवर हे लिहितोय.

दारातून चिमणी हाक मारतेय, "बाबा, चल ना! आई चिडलीये."

आणि भिंतीपाशी, माझ्या कानाशी, "बाबा, मला घेऊन चल ना."

मी आत्ताच "आलो" म्हणालो.

दोघींपैकी कुणाला म्हणालो, ते मलाच ठाऊक नाही.