सहावा प्लग

जिथे डोळा पोचत नाही आणि मनगट वळत नाही, तिथे प्लग सरळ कसा बसवायचा? हर्षदआजोबांनी हे कोडं कृत्तिकाला घातलं, तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिचा राग अजून जात नाही.

गाडी पेट्रोलची, कृत्तिकाच्या आईची. आई गेली त्याला वर्ष झालं, तरी चालकाची सीट तिच्या उंचीला सरकवलेली तशीच होती. कुणी तिला हात लावला नव्हता. शहरात आता सगळ्या गाड्या विजेवर धावत. पेट्रोलगाडी नीट चालली तरच ठेवायची परवानगी मिळे, नाहीतर भंगार. तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता आणि गाडी आचके देत होती.

आजोबा रॉकेटची इंजिनं बनवलेले शास्त्रज्ञ. त्यांनी समजावलं, की सिलिंडरमध्ये (इंधन जळतं त्या नळकांड्यात) पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते आणि प्लग (ठिणगी पाडणारी कांडी) ती पेटवतो. ठिणगी चुकली की आचका. समोरचे तीन प्लग त्यांनी बोलता बोलता बदलले. मागचे तीन इंजिन आणि पत्र्याची भिंत यांमधल्या फटीत दडले होते. तिथे त्यांचा हात जाईना, म्हणून कृत्तिकाला ते कोडं घालून, तिच्या उत्तराची वाट न बघताच त्यांनी हणम्याला बोलावलं. हणम्या हा त्यांनी स्वतः घडवलेला रोबो, त्यांचा भारी लाडका.

हणम्याने दोन प्लग बसवले. सहाव्याला सुरुवातीपासूनच करकर ऐकू येऊ लागली.

"आजोबा, पहिल्याच वेढ्याला इतका जोर लागतोय. थांबवा ना त्याला."

"हणम्याचा हात चुकत नाही," आजोबा म्हणाले. आपला तो बाब्या. तिथे नातीचं कोण ऐकतो?

हणम्याने आणखी जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि प्लग भोकात नुसताच गरगरू लागला.

आजोबांनी हणम्याला थांबवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. प्लगचे आटे (मळसूत्री खाचा) पोलादाचे असतात, तर इंजिनातले मऊ अ‍ॅल्युमिनियमचे. वाकडा शिरलेला प्लग रेटला की मऊ धातू सोलला जातो. म्हणून प्लगच्या शेंड्यावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा आणि नळी बोटांनी फिरवायची. प्लग सरळ असेल तर अलगद आत जातो. वाकडा असेल तर नळीच निसटते आणि आटे वाचतात. पाना शेवटी, फक्त आवळायला.

"मग नळी का नाही वापरली?"

"मला वाटलं, माझ्या यंत्राला तिची काय गरज," आजोबा खाली बघत म्हणाले.

नवे आटे पाडायची हत्यारं शहरात कुणाकडेच उरली नव्हती. सकाळी तपासनीस गाडी ओढून न्यायला लागला. माणूस भला होता. स्टिअरिंग धरायला तो आत बसला, गुडघे अडकले, म्हणून त्याने सीट खाडकन मागे सरकवली. कृत्तिका बघत राहिली. तिला रडूही आलं नाही, नुसती चीड आली.

पुढे महिनाभर ती आजोबांशी धड बोलली नाही, पण त्यांच्या कामाच्या खोलीत मात्र रोज जायची. तिथे तिने हणम्याच्या पोलादी बोटावर रबरी नळीचं टोपण बसवलं. पुढे हणम्या शेजाऱ्यांच्या पंपाचा बोल्ट बसवत असताना तो वाकडा शिरला, तेव्हा ते बोट बोल्टवरून निसटलं. हणम्या थांबला, बोल्ट काढला आणि पुन्हा सरळ लावला.

"शिकला हणम्या," आजोबा हळूच म्हणाले. "पुढचे सगळे रोबो आपण असेच करू."

"करू," कृत्तिका म्हणाली. "पण आईची सीट गेली, आजोबा."