तेरा नाण्यांची ओंजळ

लेओकादियाला माणसांचा सोस कधीच नव्हता. होता तो जुन्या स्पॅनिश सोन्याचा. सेव्हिया शहरातल्या दोन खोल्या आणि मखमली खणांतली नाणी, एवढाच या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा संसार. दिवस कसाही जायचा. संध्याकाळी मात्र बोलायला कुणी नसे आणि ते तिच्या मनाला लागायचं.

त्या दुपारी ती डोंगरातल्या गावी बेनिग्नाबाई नावाच्या म्हातारीकडे नाणी विकत घ्यायला गेली. सारं गाव जेवून आडवं झालेलं. खिडक्यांच्या झडपा बंद, आत काळोख आणि मेणाचा वास. आंधळ्या म्हातारीपुढे मेजावर चामड्याची पिशवी होती. आत तेरा एस्कुदो, जुनी सोन्याची नाणी, सगळी एकाच सालची. वीस वर्षं लेओकादिया असा संच शोधत होती.

"माझ्या भावाचे, अमादेओचे," म्हातारी म्हणाली. "आमच्यात लग्नात नवरा तेरा नाणी नवरीच्या ओंजळीत ओततो, त्यासाठी ठेवलेले. आदल्या दिवशीच गेला गं बिचारा. धर हात."

जाणकार माणूस नाणं कडेनं धरतो, तळहाताला लागू देत नाही. पण हाव वाईट. लेओकादियानं ओंजळ पुढं केली.

एकेक नाणं पडू लागलं... थंडगार. नववं पडताना तिचं लक्ष गेलं. म्हातारीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"घेतलेस?" म्हातारीनं विचारलं.

"...घेतले."

"मनापासून?"

"हो..."

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नवरी घेते तसेच घेतले की आपण! या वयात कसली नवरी, म्हणून ती हसायला गेली. हसू काही फुटेना. शेजारची जागा रिकामी असून कुणी तिथं बसत नव्हतं.

घरी पोचताच, पायातले जोडेही न काढता, तिनं फोन लावला.

"बेनिग्नाबाई, नाणी परत घ्या. पैसे राहू देत तुमच्याकडेच."

"नाणी घेईन गं. अमादेओचं काय करू? चाळीस वर्षं इथं खुर्चीत बसून होता. तुझ्यामागोमाग उठून गेला. घर नुसतं खायला उठलंय बघ... जरा त्याला फोन दे, पोरी. जेवलास का, एवढंच विचारते."

लेओकादिया काही बोलणार, तोच तिच्या हातातला फोन कुणीतरी अलगद काढून घेतला.