तळ्यातला पहिला मान

डझनभर यंत्रमानव तळ्यात तरंगत होते, सगळे धडधाकट. तरी एकही हलेना. असं का व्हावं?

जलपर्णी काढणारी ही यंत्रं शाल्मलीच्या दिगंबर आजोबांची. शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात. आजोबांनी कंपनी काढली. उद्या नगरपरिषदेसमोर चाचणी होती. ती फसली तर कंपनीला टाळं लागणार होतं.

"आजोबा, एक नंबरचा यंत्रमानव जलपर्णीत अडकलाय. बाकीचे नुसते बघतायत."

"वाट पाहतायत गं. पहिला मान त्याचा, मग इतरांनी हलायचं, असं मीच शिकवलंय. देवळातली शिस्त यंत्रांना लावून बसलो."

"मग काढून टाका मान."

"आणि हुकूम कोण देईल?"

"कीर्तनात बुवा दम घ्यायला थांबतात, तेव्हा तुम्हाला कोण देतं?"

आजोबा कीर्तनात झांज वाजवत. ते हसले. "कोणीच नाही. मी शेजारच्याचं ऐकतो, तो त्याच्या शेजारच्याचं. धृपद अखंड चालू राहतं, आणि त्या गोडीत देवही रमतो. शाल्मले, याला विकेंद्रित नियंत्रण (एकाच प्रमुखावर न विसंबता प्रत्येकाने आजूबाजूला पाहून निर्णय घेणे) म्हणतात."

संध्याकाळपर्यंत दोघांनी प्रत्येक यंत्राला एवढंच शिकवलं: शेजाऱ्यावर लक्ष ठेव, तो थांबला तर त्याची जागा वाटून घे.

सकाळी नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी तांबोळी मॅडम उडत्या रिक्षातून उतरल्या. "यातला मुख्य कोणता?"

"कोणताच नाही," आजोबा म्हणाले.

"मग बिघडल्यावर मी कोणाला धरू?"

"तुम्हीच बिघडवून पाहा ना. हवा तो बंद करा."

यंत्रं रांगेने जलपर्णी काढत होती. मॅडमनी काठावरच्या कळफलकावरून अगदी मधलं बंद केलं. रांगेत खिंडार पडलं. आजोबांचा हात नकळत खिशातल्या नियंत्रकाकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. दोन्हीकडचे शेजारी हळूच आत सरकले. रांग पुन्हा सलग झाली. मॅडमनी आणखी एक बंद केला, पुन्हा तेच.

"इतर कंपन्या मला एक मोठा मेंदू दाखवतात," त्या म्हणाल्या. "तो बसला की सगळंच बसतं. काम तुमचं. सुरुवात कुठून करणार?"

आजोबा एक पाऊल मागे सरले. "तिला विचारा. रोज तळ्यावर तीच असते."

शाल्मलीने पलीकडे बोट दाखवलं. "धोबीघाटाकडून. तिथे जलपर्णी सगळ्यात दाट आहे. तळं झालं की नदी घेऊ."