शून्याच्या पोटातली रेघ

त्या दिवशी आभाळ सकाळपासून राखेसारखं दाटून होतं आणि वारा अगदीच पडला होता. खिडकीचा पडदा हलेना. दुपारी एकच्या सुमाराला सुनेने आतून हाक मारली, "बाबा, जरा येता का? तुमचे डोळे हवेत."

मी शाळेची पायरी चढलो नाही. पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कुठल्याही भाषेतलं अक्षर समोर ठेवा, वाचता येणार नाही, पण हुबेहूब काढून देईन. म्हणून तिला माझी आठवण झाली.

सून घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. नोकरी नवी, अजून पक्की व्हायची होती. दोनदा तिच्या हातून शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला होता, आणि साहेबांनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा झालं तर दुसरी नोकरी बघा. त्या दिवशीचं काम पाचपर्यंत तपासून पाठवायचं होतं. शून्य आणि ओ सरळ वेगळे दिसतील असा फॉन्ट, म्हणजे अक्षराचं वळण, ती शोधत होती.

"हा बघा."

"सख्खे जुळे."

"हा?"

"शून्य बरं आहे. पण एकचा आकडा आणि हा दांडा, तुझा तो इंग्रजी एल, दोन्ही सारखेच."

"आणि हा?"

"हा मघाचाच की."

"मघाचा नाही हो बाबा, दुसरा आहे."

"मग ज्याने केला त्याला विचार, एवढी मेहनत कशाला घेतलीस म्हणून."

ती हसली नाही. असे चौदा झाले. प्रत्येक वेळी फॉन्ट उतरवायचा, त्याचं नाव सेटिंगमध्ये टाइप करायचं, ती ज्यात प्रोग्रॅम लिहिते तो एडिटर बंद करून पुन्हा उघडायचा. नावात एवढंसं चुकलं तरी तो काही बोलत नाही, मुकाट्याने आपला जुनाच फॉन्ट लावून बसतो. तसंही तीनदा झालं. "वैताग आहे नुसता," म्हणत तिने पंधरावं नाव बडवलं.

एडिटर उघडला. शून्याच्या पोटात तिरकी रेघ होती. ओ गुबगुबीत, मोकळा. एकचा आकडा ताठ, दांडा खाली वळलेला.

"हाच," मी म्हणालो.

ती कामाला लागली. चुका पटापट सापडू लागल्या. मी शेजारी बसून सवयीने अक्षरं न्याहाळत राहिलो. छापील अक्षर हजारदा आलं तरी तेच असतं. इथे तसं नव्हतं. एका शून्यातली रेघ किंचित लांब, दुसऱ्यातली आखूड. तिसऱ्यातली सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक... हात उचलताना होते तशी.

"पोरी, हे कोणीतरी हाताने काढतंय."

"बाबा, फॉन्ट आहे तो. आता तुम्ही नका ना सुरू करू."

"नाव काय टाकलंस, बघ तरी."

तिने चिडूनच सेटिंग उघडलं आणि नावावर बोट ठेवलं. नावातल्या ओच्या जागी तिने शून्य मारलं होतं.

"या नावाचा फॉन्टच नाही," ती हळूच म्हणाली. "जुना लागायला हवा होता..."

"काढून टाक."

"साडेतीन वाजले, बाबा. मला यातच दिसतंय."

पानं खाली सरकत गेली तशी अक्षरं कलू लागली. ओळी उजवीकडे उतरायला लागल्या. हे मी ओळखतो. लांबलचक पाटीच्या शेवटी मनगट भरून येतं, तेव्हा असंच होतं. एका शून्यात रेघ काढायचीच राहिली होती. मग आणखी एकात. सून स्क्रीनला नाक लावून बसली.

"ओ की शून्य... बाबा, कळत नाहीये..."

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त कीव आली.

"ऊठ. मागच्या गॅलरीत चल दहा मिनिटं. त्याला हात खाली ठेवू दे."

"वेळ कुठे आहे..."

"दमलेल्या हाताला दटावून उपयोग नसतो. चल."

गॅलरीत ती सारखी घड्याळ बघत होती. परत आलो तर ओळी सरळ होत्या आणि रेघा जागच्या जागी. पाचला दहा कमी असताना काम गेलं.

सहाला साहेबांचा फोन आला. एकही चूक नव्हती, नोकरी पक्की. कंपनीचा सगळा जुना प्रोग्रॅम आता तिनेच तपासायचा होता, चार लाख ओळी. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा फॉन्ट मी आता बदलणार नाही," ती म्हणाली.

मी उठून कामाच्या खोलीच्या उघड्या खिडकीशी गेलो. समोरच्या घरात कपडे शिवणाऱ्या वहिनी राहतात. दोन्ही खिडक्या इतक्या जवळ की कात्री हातोहात देता येते. त्यांनी मशीन थांबवलं.

"काय हो काका, पाहुण्यांना एकटं बसवून दोघं कुठे गेला होतात? सारखे मनगट चोळत होते बिचारे. मला विचारलं, अजून किती राहिलंय... मी म्हटलं, मला काय माहीत, रात्री काकांनाच विचारा."