टेबलाखालून

डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराकडे चढणारा तारेवरचा पाळणा मध्येच थबकला, हेलकावला... आणि नेलिदाची गोल टोपी समोरच्या तरुणाच्या मांडीवर जाऊन पडली.

"परत देऊ, की ठेवून घेऊ?" त्यानं विचारलं.

"तुमच्या डोक्यावर राहायची नाही ती!"

"मग मालकिणीची ओळख तरी होऊ दे."

ती हसली. काचेवर गारा तडतडत होत्या. वर पोहोचेपर्यंत तिला कळलं होतं, की हा रमिरो, शाळेत मुलांना चारांगो वाजवायला शिकवतो. आणि त्याला कळलं होतं, की बाजारातलं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान तिचं स्वतःचं आहे. 'स्वतःचं' हा शब्द ती जरा ठासूनच म्हणायची.

मग भेटी वाढल्या. तो तिला हातगाडीवरचं मक्याचं गरम, जांभळं आपी पाजायचा. ती त्याला तळलेले मासे खिलवायची. पण मनात एक सल होता... याआधीचा तिचा प्रियकर एव्हर तिच्याकडून टेबलाखालून पैसे घ्यायचा आणि चारचौघांत ऐटीत बिल भरायचा. "पुरुष बसलेला असताना बाईनं पैसे काढणं बरं दिसत नाही," म्हणायचा. आणि ती निमूट द्यायची.

वाढदिवसाला तिनं रमिरोला आणि एउलोखिया मावशीला जेवायला नेलं. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं. जेवण झालं. वेटरनं बिल सरळ रमिरोपुढे ठेवलं. मावशी टक लावून बघू लागली, आता हा खिशात हात घालतो की नाही! नेलिदाचा हात नकळत टेबलाखाली गेला. नोटा त्याच्या तळहातात...

रमिरोचे कान लाल झाले. त्यानं नोटा वर आणून तिच्यासमोर ठेवल्या.

"दादा, बिल तिकडे द्या. आमंत्रण बाईंचं आहे."

"अरे, तुला काहीच कसं वाटत नाही?" मावशी म्हणाली.

"वाटतं ना, मावशी. अभिमान वाटतो. कष्ट हिचे, मग ऐट मी का मिरवू?"

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळूच म्हणाली, "पोरगा तोंडाचा तिखट आहे... पण खरा आहे."

मावशीला बसमध्ये बसवून दोघं निघाले, तेव्हा बाहेर बोचरा वारा होता. रमिरो दोन पावलं पुढेच चालत होता.

"रागावलास?"

"तुला माझी लाज वाटली, नेलिदा?"

"तुझी नाही रे..." तिचा आवाज अडखळला. "माझ्याच कमाईची. कुणीतरी ती लपवायला शिकवलं, आणि मी शिकले."

"मी आपी पाजतो, ते लपवून पाजतो का?"

"नाही."

"मग?"

ती भर रस्त्यात थांबली. बटाटे विकणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, रमिरो!"

"अगं, हळू! सगळे ऐकताहेत."

"ऐकू देत," ती म्हणाली, आणि ताठ मानेनं, त्याचा हात हातात घट्ट धरून, चढावरच्या गर्दीत शिरली.