लहान रांग

मालवणच्या रेशन दुकानात दोन काटे होते, म्हणून रांगाही दोन. आल्या माणसाने डोकी मोजायची आणि लहान रांगेत शिरायचे, एवढेच सगळ्यांना ठाऊक. तारकर्लीची सुगंधाही त्या शनिवारी तशीच शिरली. तिच्यापुढे सहा बायका होत्या. शेजारच्या रांगेत अकरा माणसे.

"ह्या रांगेत येवा," अकरावा तरुण म्हणाला. "ही आधी संपतली."

"तुमका कोणी इचारल्यान?"

"कोणी नाय... पण डोकी मोजू नकात, पिशयो मोजा. तुमच्या फुडची यशोदाकाकी अख्ख्या वाडीची कार्डां घेवन इली हा. तुमका पाऊण तास. माका पंचवीस मिनटां."

वाडीतली एक बाई बाजाराला निघाली की शेजारणी आपली कार्डे तिच्या गळ्यात मारतात, हे सुगंधाला का ठाऊक नव्हते! पण आता रांग बदलली तर नाक कापले जाणार. ती हटून उभी राहिली. पंचविसाव्या मिनिटाला तो तांदूळ घेऊन निघाला. जाताना हसलासुद्धा नाही, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. याचाच तिला जास्त राग आला.

पुढच्या शनिवारी ती मुकाट त्याच्यामागे उभी राहिली. सत्यवान त्याचे नाव. मॅट्रिक झालेला, नोकरीच्या शोधात. पिशवीमागे दोन मिनिटे, काट्यावरच्या भाईंनी तपकीर ओढली तर अर्धे मिनिट वर... त्याचा अंदाज कधी चुकला नाही. चौथ्या शनिवारी 'तुमी'चे 'तू' झाले. बोलताना त्याचे कान लाल होत आणि सुगंधाला ते फार आवडे. खरे तर तोच आवडे, आणि आठवड्याला शनिवार एकच का, असे तिला वाटू लागले होते.

पौषात दोन बातम्या एकदम आल्या. सत्यवानला मुंबईच्या गोदीत नोकरी लागली, सोमवारी बोट. आणि सुगंधाला बांद्याचे स्थळ आले. स्वतःचे दुकान, बांधलेले घर, माघातच लग्न. आईला उद्यापर्यंत उत्तर हवे होते.

त्या शेवटच्या शनिवारी ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि दोन्ही बातम्या बोलून झाल्या.

"वीस मिनटां," तो पुढे बघून म्हणाला.

वीस मिनिटे गेली. त्याने चारदा तोंड उघडले नि मिटले. सुगंधाचा नंबर आला. तिने हातातल्या पिशवीतून घडी घातलेल्या आणखी आठ पिशव्या काढल्या आणि नऊ कार्डे भाईंपुढे ठेवली. मागची रांग कण्हली.

"माझो अंदाज चुकलो..." सत्यवान पुटपुटला.

"चुकलो नाय, मीच चुकयलंय. सकाळपासून घराघरान कार्डां मागत फिरलंय. आता अठरा मिनटां असत. बोल."

त्याचे कान लालभडक झाले. काट्याकडे बघतच तो म्हणाला, "माका तू व्हयी, सुगंधा. पण मे म्हयन्याशिवाय सुटी नाय, ऱ्हवाक खोली नाय. बांद्याचो माणूस तुका माघातच न्हेतलो."

"ती लहान रांग," ती पिशवीचे तोंड बांधत म्हणाली. "लहान रांगेत शिरान माझा काय झाला, ता तूच बघलंस. तुझ्या रांगेत किती वेळ लागात?"

त्याने बोटे मोजली. "चार म्हयने... आणि दोन दिस."

"थांबतंय."

भाई तपकीर ओढायची विसरून ऐकत होते.

"आणि असो उभो ऱ्हवा नको," सुगंधा म्हणाली. "नऊ पिशयो असत. पाच तू उचल."

त्या संध्याकाळी आईने घर डोक्यावर घेतले; पण बांद्याला नकारच गेला. मे महिन्यात सत्यवान बोटीतून उतरून, घरीही न जाता, मामाला घेऊन थेट तारकर्लीला मागणी घालायला गेला. सांगितल्यापेक्षा तब्बल सहा दिवस आधी.

सुगंधा दारातच होती. तिने त्याच्या लाल कानांकडे पाहिले आणि म्हणाली, "परत अंदाज चुकलो?"

"नाय गो," तो म्हणाला. "ह्या खेपेक मी चुकयलंय."